यादीप्रमाणे आणलेली मुलं

सकाळी नऊला विजयमालाताईंनी पांढरकवड्यातल्या आपल्या दिव्यांग मुलांच्या विशेष बालवाडीचं कुलूप उघडलं, सतरंज्या झटकल्या, बबलू कलंडू नये म्हणून त्याच्या खुर्चीला उशी बांधली आणि पटावर शेवटची नजर फिरवली. मुलं दहा. चौघांच्या घरची भाषा वऱ्हाडी, तिघांच्या कोलामी, तिघांच्या उर्दू. मान्यतेला किमान दहा लागत. एक जरी कमी भरलं तर बालवाडी बंद. पण ताई निर्धास्त होत्या. इतका चोख पट जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, असं त्यांनी तपासणीला आलेल्या राठोडसाहेबांना दारातच सांगून टाकलं.

तेवढ्यात शब्बीरचा ऑटो आला. एरवी तो घरं ओळखून मुलं आणी. आज तपासणी, म्हणून ताईंनी त्याला पटावरून उतरवलेली यादी दिली होती. नेहमीची सात मुलं उतरली. पाठोपाठ तीन अनोळखी, धडधाकट पोरांनी उड्या मारल्या. त्यांतला एक थेट खिडकीच्या गजांवर चढला.

"शब्बीरभाई, ही कोण?"

"यादीवालेच, ताई. घरोघर नाव पुकारून आणले. हा आयुष."

"आणि आपला बबलू?"

"बबलू यादीत कुठी हाय?"

राठोडसाहेबांनी आधी पट पाहिला, मग खिडकी. "आयुष, पाढे येतात?"

आयुषने लोंबकळतच तेराचा पाढा म्हटला आणि कोणी न विचारता चौदाचाही.

"मुलगा विशेष आहे खरा," साहेब गंभीरपणे म्हणाले.

ताईंचा चेहरा उतरला. पटावरचा आयुष म्हणजे आपला बबलूच, असं त्या धरून चालल्या होत्या; आधारकार्डही त्यांनी स्वतः तपासलं होतं. पण त्यावरच्या फोटोत सगळीच तान्ही बाळं सारखी दिसतात.

एवढ्यात बबलूला कडेवर घेऊन त्याची मोठी बहीण खुशी आली. मागून धापा टाकत आजोबा मारोतराव, आणि उरलेल्या दोन मुलांना घेऊन त्यांच्या आया.

"बबलूचं खरं नाव नयन हाय, ताई," मारोतराव खाली मान घालून म्हणाले. "खुशीले पाहुणे येऊन राह्यले. या शाळेत त्याचं नाव लागलं, तं सोयरीक मोडते. म्हणून त्याच्या भावाचं, आयुषचं देल्लं."

"आमीनं बी तसंच केलं," एक आई पुटपुटली.

"म्हणजे खरी नावं सातच," राठोडसाहेब म्हणाले. "माझा चहा होईपर्यंत पटावर दुरुस्ती झाली तर अहवालात मुलं दहा लिहीन."

साहेब चहा फारच सावकाश पीत होते.

"आबाजी," खुशी म्हणाली, "ज्याले माह्या भावाचं नाव चालत नाही, तो नवरा मले कायले पाहिजे?"

मारोतरावांनी नयनला तिच्या कडेवरून घेतलं, त्याच्या खुर्चीत नीट बसवलं आणि पट पुढे ओढला. आयुषच्या नावावर एक रेघ मारली, वर 'नयन' लिहिलं, शेजारी सही केली. आणि पेन मागे उभ्या असलेल्या आयांकडे धरलं.