पंखा थांबला आणि महाराजांनी आपली चाल उतरविली, त्याची हकीकत

श्री विद्युल्लता प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, वैशाख शुद्ध सप्तमी, दोन प्रहरी टेबलाखालील संगणकाच्या किल्ल्यातला पंखा थांबला. एक सैल तार पात्यांत अडकली होती. ते समयी गादीवर प्रोसेसर महाराज आठ सरदारांनिशी बैसले होते, आणि वरच्या मुलुखातील मृण्मयीबाई कर्णिक यांचे हरिणांच्या कळपाचे चलच्चित्र रचले जात होते. ते अद्याप जतन झाले नव्हते, किल्ला मध्येच मिटला असता तर सारा कळप नाहीसा झाला असता. या दरबारी रीत अशी की, पंखा जितका निःशब्द तितके राज्य सुखी समजावे. म्हणोन दिवाण रंगोपंत संतोषले आणि म्हणाले, "वाहवा जिवाजी! आज श्वासही ऐकू येत नाही. मानाचा विडा घ्या." जिवाजी पंखेवाला घामाघूम होऊन ओरडला, "पंत, विडा राहू द्या! जीव खाऊन ओढतोय, पातं हलत नाही!" पंत हसोन म्हणाले, "इनाम वाढवून मागायची ही नवी तऱ्हा." मग तापाच्या चौकीवरील हेर धावत आला आणि मुजरा करून म्हणाला, "महाराज, ताप नव्वदीपार गेला. शंभरास दरवाजे आपोआप मिटतात, तो हुकूम कोणाच्याने फिरत नाही." पंतांचा विडा हातातच राहिला.

सरदार हैबतराव उठोन म्हणाले, "अंगात जोर आहे तोवर काम उरकू, मग काय जळायचे ते जळो." महाराज म्हणाले, "हैबतराव, तुमचा जोरच तापतो आहे. निजा." आणि कोणास शिक्षा न फर्माविता महाराजांनी आपलीच चाल निम्म्याहून खाली उतरविली, विजेचा रतीब घटविला, आणि सहा सरदारांस झोपेची आज्ञा केली. "भर दुपारी झोप कसली येते!" असे हैबतराव कुरकुरले आणि बोलता बोलता निजले. एकामागून एक सहा दालने अंधारली. पराक्रम गाजविणारे राजे पुष्कळ ऐकिले. भर दरबारी आपला पराक्रम स्वहस्ते उतरविणारा राजा प्रस्तुत लेखकाने प्रथमच पाहिला. मग उरलेले दोन सरदार बैलगाडीच्या चालीने एकेक हरीण उचलू लागले, आणि ताप अठ्ठ्याण्णवावर जाऊन थबकला, आणि एक अंश उतरला. तोच वरून बाईंचा आवाज आला, "अगं बाई, किती रेंगाळतंय हे! बंदच करून परत लावते."

एकंदर मजकूर असा: पंखा अद्याप अडकलेला, ताप आवरलेला, राज्य उभे. हे लिहिते समयी शेवटचे हरीण जतन होणे बाकी आहे, आणि बाईंचे बोट बटणावर आहे.