चार बोटं अंतर

बायको घरी यायला वीस तास उरले होते, तेव्हा स्वयंपाकघरातला गळका नळ बघायला आलेला नळवाला दारातून दोन पावलं आत आला, थबकला आणि नाक वर करून म्हणाला, "मास्तर, इथं कुठंतरी बुरशी आहे."

दुसऱ्या कुणाच्या घरात तो असं बोलला असता तर घरवाल्यानं फार तर एक खिडकी उघडली असती. मास्तर मात्र मटकन खुर्चीत बसले. कारण या सखल वस्तीतल्या तीन इमारतींना बुरशीपासून वाचायला शिकवायचं काम दवाखान्यानं त्यांच्याकडेच दिलं होतं. शाळेतून निवृत्त झालेला माणूस, कुणाला तरी शिकवल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नाही. दर बुधवारी कुणाच्या ना कुणाच्या घरात वर्ग भरे. भिंत भिजते कुठून ते आधी शोधा, मग पुसा. कोरडा ब्रश मारू नका, कण उडून छातीत जातात; साबणाच्या पाण्यात फडकं बुडवा, तोंडाला मास्क बांधा, हातात मोजे घाला. वरून रंग फासून पाप झाकू नका. आणि कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. हे शेवटचं ते इतक्यांदा सांगत, की नव्यानं राहायला आलेल्या लोकांना त्यांचं आडनावच चारबोटे वाटे.

ही विद्या त्यांनी हौसेनं मिळवली नव्हती. अकरा महिन्यांपूर्वी याच घरात बायकोला श्वास पुरेनासा झाला. घर कोरडं होईस्तोवर हिला इथं ठेवू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं, आणि लेक येऊन आईला डोंगरावरच्या आपल्या घरी घेऊन गेली. भांडण नाही, तंटा नाही, आणि चाळीस वर्षांचा संसार एका ओल्या भिंतीपायी दोन गावांत वाटला गेला. मास्तरांनी मग त्या भिंतीशी उभा दावा मांडला. फुटका पाइप बदलला, गिलावा खरवडून नवा करून घेतला, न्हाणीघरात पंखा बसवला. हवेतली ओल मोजायचं एक यंत्र आणून भिंतीवर टांगलं. साठ टक्क्यांच्या आत म्हणजे उत्तम. रविवारी बायकोचा फोन आला की ते तिला आकडा सांगत. 'तुझी फार आठवण येते' असं म्हणायला तोंड उघडायचे आणि 'आज छप्पन्न आहे' एवढंच बाहेर पडायचं. ती पलीकडून म्हणायची, बरं.

शेवटी आकडा बावन्नवर आला आणि डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली. आठ दिवस राहून बघा, खोकला उठला तर परत डोंगरावर. उद्या सकाळी दहाच्या गाडीनं ती येणार होती, आणि आज हा नळवाला नाक वर करून उभा होता.

मास्तरांनी त्याला यंत्र दाखवलं. तेवढ्यात समोरच्या दारातल्या वहिनी आवाज ऐकून आल्या. वहिनी म्हणजे बुधवारच्या वर्गातल्या सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, वही घेऊन बसणाऱ्या. त्यांनी एकदा हवा हुंगली आणि निकाल दिला. "यंत्राला नाक असतं का, मास्तर? वास येतोय म्हणजे येतोय."

झालं. नळवाल्याच्या लेखी गुन्हेगार ठरलेला होता, भिंतीतला पाइप. त्यानं मोरीजवळच्या दोन फरशा उचकटल्या. खाली ठणठणीत कोरडं. मग संशय दिवाणावर गेला. दिवाण जिन्यात काढला, तर वरच्या मजल्यावरच्या शिंप्याला खाली उतरता येईना, म्हणून तो वाट काढत आत आला आणि शोधात सामील झाला. त्यानं गाद्यांची शिवण उसवून पाहायचा आग्रह धरला. गाद्या निर्दोष सुटल्या, पण कापूस खोलीभर झाला. बातमी वाऱ्यासारखी पसरली होती. संध्याकाळपर्यंत अख्खा बुधवारचा वर्ग मास्क लावून मास्तरांच्या घरात हजर, आणि जो तो त्यांचेच धडे त्यांना म्हणून दाखवत होता. वर्गात एरवी पेंगणाऱ्या पोस्टमननं तर रंग फासून पाप झाकलंय का, असं सरळ विचारलं. दिवस मावळला तेव्हा घरातलं सगळं सामान जिन्यात आणि जिन्यातली सगळी माणसं घरात होती. बुरशी सापडली नव्हती. लोक दमून आपापल्या घरी गेले आणि सकाळी आठला पुन्हा आले.

आता एकच गोष्ट उरली होती. कपाटाचा खालचा कप्पा. कालपासून मास्तर त्याच्याच पुढ्यात उभे होते. कागदपत्रं आहेत, असं ते म्हणाले. वहिनींनी कमरेवर हात ठेवले. "तुम्हीच सांगता ना, बंद जागा आधी उघडा म्हणून?"

मास्तरांना बाजूला होण्यावाचून गती नव्हती. कप्प्यात एक प्लॅस्टिकची पिशवी निघाली, तोंडाला चिकटपट्टीचे चार वेढे दिलेली. वहिनींनी ती खिडकीशी नेऊन सोडली. आतून लोकरीची शाल बाहेर आली. मूळची ती पांढरी असावी. आता तिच्यावर हिरवे-काळे ठिपके असे दाट उठले होते, की शिंप्याला आधी ते नक्षीकामच वाटलं. वासाच्या बाबतीत नळवाल्याचंच खरं ठरलं होतं.

"ती टाकू नका," मास्तर म्हणाले. "ती हिची आहे."

मग त्यांनी सांगून टाकलं. ती गेली त्या दिवशी सकाळी धुकं होतं. शाल दमट झाली म्हणून तिनं ती दारामागं अडकवली आणि घाईत विसरून गेली. संध्याकाळी मास्तरांना रिकाम्या घरात तिचा वास आला, तो त्या शालीतून. तो उडून जाऊ नये म्हणून त्यांनी ती तशीच दमट, पिशवीत घालून बंद केली. दर रविवारी फोन झाला की खिडक्या लावून पिशवी जराशी उघडायची, एकदा हुंगायचं, पुन्हा पट्टी लावायची. वास हळूहळू बदलत गेला होता. आठवण जुनी झाली की अशीच होत असेल, असं त्यांना वाटलं होतं.

खोलीत कुणी हसलं नाही. पोस्टमननं मास्क वर ओढून डोळे पुसले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण ओले पाषाण, असं काहीतरी वहिनींच्या जिभेवर आलं होतं. पण त्यांची नजर शालीच्या कोपऱ्याकडे गेली. तिथं निळ्या लोकरीनं घातलेला रफू होता. वहिनींनी तो रफू पाहिला, मास्तरांचं तोंड पाहिलं, आणि कोपरा पटकन मुठीत दडवला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "राहू दे त्यांची."

आणि नेमक्या त्याच वेळी दारातून आवाज आला. "अगंबाई, वहिनी, तुमची शाल ना ही? निघायच्या दिवशी तुमच्या दोरीवरून घेतली होती, परत करायची राहूनच गेली हो."

मास्तरांची बायको दारात उभी होती. दहाची गाडी सोडून ती सातच्या गाडीनं आली होती. का, ते तिला कुणी विचारलं नाही. जिन्यातल्या दिवाणाला आणि कपाटाच्या फळ्यांना वळसे घालत ती वर पोचली होती. मग वहिनी मटकन खाली बसल्या.

"अकरा महिने," त्या म्हणाल्या. "अकरा महिने मी सुनेशी धड बोलले नाही, ही शाल तिनंच हरवली म्हणून. आणि मास्तर, तुम्ही इतके रविवार माझा वास घेत होता?"

मास्तर कानापर्यंत लाल झाले. आधी शिंपी हसला, मग नळवाला, आणि मग त्यांची बायको. ती दाराला धरून हसली, वाकून हसली, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली, आणि हसता हसता तिला खोकला आला.

क्षणात वहिनींनी शाल पिशवीत कोंबून पिशवी खिडकीबाहेर धरली. मास्तर दुसऱ्या खिडकीकडे धावले, ती आधीच उघडी होती, तरी त्यांनी ती पुन्हा उघडली. खोकला दोनदा आला, तिसऱ्यांदा आला. मास्तर तिच्यापुढं उभे राहिले. अकरा महिन्यांचे आकडे त्यांच्या डोक्यातून पार पुसले गेले होते.

"जाऊ नकोस," ते म्हणाले. एवढ्या लोकांसमोर असं काही ते जन्मात बोलले नव्हते.

तिनं हातानं थांबा अशी खूण केली. एक श्वास घेतला, मग एक लांब श्वास, आणि तो आत गेला तसा सरळ बाहेर आला. "ठसका हो," ती म्हणाली. "तोंडात पदर घालून हसायची सवय मोडलीय ना. लेकीकडे कशाला येतंय एवढं हसू?"

वर्ग शहाणा होता. ज्यानं त्यानं जाता जाता एकेक वस्तू जिन्यातून आत आणून ठेवली आणि दार ओढून घेतलं. वहिनी पिशवी घेऊन गेल्या, आधी सुनेकडे आणि मग कचऱ्याच्या डब्याकडे. घरात कापूस, उचकटलेल्या फरशा आणि दोघंजण उरली.

"मीही तुमचा करडा सदरा नेला होता," बायको म्हणाली. "लेकीनं दुसऱ्याच दिवशी धुवून उन्हात घातला. नुसत्या साबणाचा वास. तरी उशाशी घेऊन निजायची मी."

मास्तरांनी यंत्राकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यांचं लक्ष तिच्या बॅगेकडे गेलं. ती तिची मोठी बॅग होती, लेकीकडे जाताना अख्खं कपाट रिकामं करून भरलेली. आठ दिवसांसाठी एवढी कशाला, असं त्यांनी जपून विचारलं.

तिनं बॅग ओढत भिंतीशी नेली, आडवा हात मध्ये धरून चार बोटं मोजली, आणि तेवढं अंतर सोडून खाली ठेवली.