खुल्या गटातल्या शालनकाकी

आमच्या क्लबच्या टेनिस स्पर्धेत गेली सहा वर्षं पुरुषांच्या पहिल्याच फेरीत सत्तरी ओलांडलेली एक बाई हरते. शालनकाकी चौगुले. पांढरा पंजाबी ड्रेस, पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि चेहरा असा की हरणार समोरचाच.

संस्थानकाळापासून ही स्पर्धा हिरवळीवर होते. काकी कॉलेजात असताना इथं महिला एकेरी जिंकल्या होत्या. मग लग्न होऊन मुरगूडला गेल्या आणि रॅकेट माळ्यावर गेली. नवरा वारल्यावर त्यांनी ती खाली काढली, पण तोवर कुणी नाव देत नाही म्हणून महिला गटच बंद झाला होता.

"काकी, आता पुरुषच खेळतात," सेक्रेटरी म्हणाले.

"फॉर्मवर 'खुला गट' छापलंय की! आणि कोल्हापुरात आम्ही बायका बी पुरुषांगत 'मी आलो, मी गेलो'च म्हणतो. लिही नाव!"

नियमात मनाई सापडेना. नाव लागलं.

मी पंच; मॅच सुरू होताना खुर्चीवरून दोघांची नावं पुकारतो. काकींची मॅच दरवर्षी माझ्याच गळ्यात पडते, कारण बाकीचे पंच त्यांना घाबरतात. चेंडू बाहेर दिला की काकी जाळ्यापाशी येऊन कमरेवर हात ठेवतात. "डोळं हायत का बटणं?"

यंदा समोर वारणानगरचा उंचापुरा गडी होता. दया येऊन त्यानं दोन सर्व्हिस मुद्दाम जाळ्यात घातल्या. काकींनी खेळ थांबवला.

"हात दुखतोय व्हय रं? मग घरला जा. न्हाईतर नीट मार!"

त्यानं नीट मारल्या. पहिला सेट सहा-शून्य गेला. दुसऱ्यात मात्र काकींनी कापून मारलेले चेंडू गवतावरून उठेचनात. गडी वाकून वाकून घामाघूम. सहा वर्षांत पहिल्यांदाच मी पुकारलं, "गेम, शालन चौगुले!"

बाकीचे सगळे गेम त्या हरल्या.

एसटी स्टँडवर त्यांना सोडायला गेलो, तेव्हा विचारलंच. "काकी, एवढा हट्ट कशासाठी?"

त्यांनी रॅकेट काखेत धरली. "घरात मी आई, आज्जी. गल्लीत काकी. शालन म्हणणारं माणूस गेलं बघ. आता वर्षातनं एकदा तू खुर्चीवरनं पुकारतोस, तेवढंच."

मुरगूडची एसटी लागली. काकी खिडकीशी बसल्या, तोंड पलीकडं वळवून. मी काचेवर टकटक केलं.

"शालनताई, पुढच्या वर्षी खेळणार नव्हं?"

त्यांनी पदरासारखी ओढणी डोळ्यांवरून फिरवली आणि बसभर ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाल्या, "मग! सोडतो व्हय?"