नागपूर ते कोल्हापूर, अठरा तास वीस मिनिटं

नागपूरहून कोल्हापूरला जायला विमानाला एक तास वीस मिनिटं लागतात, आणि ज्याला भेटायला निघालात त्याला न भेटता जितकी वर्षं गेली असतील, तितके तास वर. तिकिटावर तसं छापलेलंच असतं. महिन्या-महिन्याला ये-जा करणारे ते वाचतही नाहीत.

प्रमिला ठवरेंच्या तिकिटावर अठरा तास वीस मिनिटं आली, तेव्हा त्या खिडकीवरच्या कारकुनाशी भांडायला उभ्या राहिल्या. वय बासष्ट, माहेर कोल्हापूर, आणि तिथे थोरला भाऊ शशीदादा दवाखान्यात. डॉक्टरांनी फार तर उद्यापर्यंतची मुदत दिली आहे, असा वहिनींचा फोन आला होता.

"सतरा वर्षं कुठून काढलीत?" त्या म्हणाल्या. "दरवर्षी राखी पाठवते मी. रजिस्टर पोस्टानं. पावत्या आहेत."

पावत्या खरंच होत्या, पर्समध्ये, रबर लावून. कारकुनाने एकेक तपासली. माणूस तसा वाईट नव्हता.

"राखी गेली नं बाई, तुम्ही कुठं गेल्या? राखीचं अंतर वेगळं. तिला आम्ही तासाभरात पोचवतो."

आईच्या तेराव्याला तांब्याच्या बंबावरून बहीणभावात जुंपली होती. बंब दादाकडे राहिला आणि प्रमिलाबाईंनी राखी पोस्टात टाकायला सुरुवात केली. नातं काही तोडलेलं नाही, एवढं स्वतःला सांगायला ती पुरायची. वर्षभरात दादाने गीझर बसवला आणि बंब माळ्यावर गेला, हेही त्यांच्या कानावर आलं होतं.

"यात काही सूट?"

"एकच. भेटायचं तो माणूसच राहिला नाही, तर वरचे तास माफ होते. मग सगळ्यांना सारखंच."

"तुमच्या जिभेला काही हाड?"

"नियम सांगावाच लागते, बाई."

विमान सकाळी सातला सुटलं. एक तास वीस मिनिटांनी बाकीचे प्रवासी बॅगा काढून कोल्हापूरला उतरले. प्रमिलाबाईंच्या खिडकीबाहेर ढगच होते. विमानात त्या आणि हवाई सुंदरी, एवढ्याच उरल्या. मुलगी सांगलीकडची होती. तिने चहा आणून दिला.

"कितवा तास गं?"

"तिसरा, मावशी. अजून पंधरा हाईत की."

प्रमिलाबाई दादाशी काय बोलायचं ते ठरवत बसल्या. बंबाचं नाव काढायचं नाही, असं आधी ठरलं. मग वाटलं, बंबाचंच आधी काढावं. दादा हसेल. हसला की पुढचं सोपं आहे. त्यांना किती वर्षांनी इतकं बरं वाटत होतं.

पाचव्या तासाला त्यांच्या कानांना दडे बसले. विमान खाली जायला लागलं होतं. पट्ट्याचा दिवा लागला.

मुलगी त्यांच्याजवळ येऊन नुसती उभी राहिली. नियम तिला पाठ होता आणि यांनाही.

"वरच राहू दे गं विमान," प्रमिलाबाई तिचा हात धरून म्हणाल्या. "माझे तेरा तास आहेत अजून. मी बसते. छापलंय बघ तिकिटावर."

मुलीने तिकीट घेऊन पाहिलं. त्यावर एक तास वीस मिनिटं छापलेली होती. तिने ते घडी घालून पर्समध्ये पावत्यांजवळ ठेवलं आणि वाकून त्यांचा पट्टा बांधला.

ढग संपले. खाली पंचगंगेचं वळण दिसत होतं, सगळ्यांना दिसतं तसंच.