प्रमिला दहिफळेचा बंदोबस्त

आमच्या ठाण्यात माणसं कमी आहेत, म्हणून खून झालेल्याने तीन दिवस स्वतःच्याच घटनास्थळावर पहारा द्यायचा असतो. ठसे घेणारे लोक जिल्ह्याहून यायला तेवढे दिवस लागतातच. मी हवालदार. बाहेर खुर्ची टाकून देखरेख करायची, एवढंच माझं काम.

प्रमिला दहिफळे सोमवारी दुपारी मेली आणि चारला कामावर हजर झाली. थोरला दीर आश्रुबा घरी आला, चहा प्यायला आणि त्याने उशीने तोंड दाबलं, असं तिने मला सरळ सांगितलं. पण मयताची साक्ष कोर्टात चालत नाही. ओट्यावर त्याचा उष्टा कप होता आणि त्यावर त्याची बोटं. दुसरा पुरावा नाही.

"तेवढा कप सांभाळा, ताई," मी म्हणालो.

तिने सांभाळला. नगराध्यक्ष फोटोवाला घेऊन आले, त्यांना परत पाठवलं. सख्ख्या भावाला उंबऱ्याबाहेरूनच रडायला लावलं. असली बाई जिवंतपणी आमच्या खात्यात का आली नाही, असं मला वाटत राहिलं.

गुरुवारी सकाळी आश्रुबा आईला घेऊन आला. आत जायचं नावसुद्धा काढलं नाही त्या हरामखोराने. ओसरीवर बसून राहिला. म्हातारीने खिडकीतून ओटा पाहिला.

"प्रमिला, सोमवारचा उष्टा कप अजून तसाच?"

"पुरावा आहे तो, आत्याबाई."

"कशाचा पुरावा? लोकं भेटायला येतेत. घरात बाई होती का नव्हती म्हनतील."

लग्न झाल्यापासून एकोणीस वर्षं प्रमिला या एकाच बोलण्याला भीत आली होती. ती उठून आत गेली. पहारेकऱ्याला आत जायला परवानगी लागत नाही. मी "ताई, अहो ताई" करत धावलो, पण मला परवानगी लागते, म्हणून उंबऱ्याशी थांबलो. नळाचा आवाज आला. तिने कप घासला, पुसला, फळीवर पालथा घातला.

"एवढंच राहिलं होतं," पदराला हात पुसत ती म्हणाली. मला तिचा संताप आला, आणि रडूही आलं.

दुपारी जिल्ह्याचे लोक आले. इतकं स्वच्छ घटनास्थळ आजवर पाहिलं नाही म्हणाले, आणि तसं लिहून घेऊन गेले.

चारला प्रमिलाची मुदत संपली. जाताना ती रीतीप्रमाणे आत्याबाईंच्या पाया पडली, मग भाऊजींच्या. आश्रुबाने नेहमीचाच आशीर्वाद दिला, शंभर वर्षं जग म्हणून.