मॅचच्या दुपारचं भरीत

आमच्या रेल्वे कॉलनीची फुटबॉल टीम हरली, की नारायणनाना खेळाडूंना एका शब्दाने बोलायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलवर टांग टाकून ते खेळाडूंच्या आयांना बोलायला जायचे.

दारात सायकल लावायची, घंटी वाजवायची आणि माउली पदराला हात पुसत बाहेर आली की तोंडावरच विचारायचं, "काव माय, याले लहानपनी दूध पाजलं का ताक? हे पाय हायेत का केयीचे खांब?"

केळीचा खांब वाऱ्याच्या एका झोतात आडवा होतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे अपमान नेमका लागायचा. बरं, उलटून बोलायची सोय नाही. नाना सगळ्या कॉलनीचे नाना. रेल्वेतून पॉइंट्समन म्हणून रिटायर झालेले, भुसावळच्या वेशीवर चार वाफ्यांचं शेत. बायको गंगूअक्का गेल्यापासून एकटेच. मुलगा सुरतेला, तो दिवाळीला यायचा. म्हणजे येतो म्हणायचा.

या गृहस्थाने जन्मात बॉलला पाय लावला नव्हता! ऑफसाइडवर तर त्यांचा विश्वासच नव्हता. "जायात गेला ना बॉल? मंग मधात हा शिट्टीवाला कोन?" असं म्हणून ते सरळ मैदानात घुसायचे. मी टीमचा मॅनेजर. म्हणजे लिंबं कापायची, बर्फ आणायचा आणि नानांना शर्टाला धरून रेषेबाहेर ठेवायचं. तिसऱ्या कामात माझे दोन शर्ट फाटले, ते वेगळंच.

तर त्या वर्षीची फायनल. समोर धुळ्याची टीम. टंगळमंगळ करणारी, आपली नेहमीची. आमचा कॅप्टन वसंता तर म्हणत होता, "भाऊ, यांना आपण झोपेत हरवू." आणि सकाळी नाना सगळ्यांना हुकूम सोडून गेले, "बठ्ठ्यायनं दुपारी शेतात या. भरीत हाये."

आता भरीत म्हणजे तुम्ही गॅसवर एक वांगं भाजता, ते नव्हे. बामणोदची हातभर लांब वांगी, कपाशीच्या काड्यांच्या जाळावर काळीठिक्कर भाजलेली, मिरच्यांबरोबर लाकडी बडजीत ठेचलेली. वर शेंगदाणे, कांद्याची पात आणि तेल. तेल कसलं, पूरच तो! सोबत पुऱ्या. हे खाल्लं की माणसाने झाडाखाली आडवं व्हायचं असतं. चार वाजता फायनल खेळायची नसते!

मी वसंताला बाजूला घेऊन म्हटलं, "अरे, नाही म्हण."

"तुम्ही म्हणा," तो म्हणाला.

मी काय म्हणणार? नाना स्वतः वाढत होते. पानात हात आडवा धरला तर हातावर वाढत होते. "खा रे, ताकद पायजे!" पोरं भिडेखातर खात होती, मग चवीखातर खाऊ लागली, आणि शेवटी शेवटी तर वाढा म्हणायला लागली.

मॅच काय झाली विचारू नका. आमचा सेंटर फॉरवर्ड धावताना पोट धरून धावत होता. गोलकीपर खांबाला टेकून उभा. चौथा गोल गेला तेव्हा त्याने शांतपणे ढेकर दिली. पाचवा गोल मी पाहिला नाही, रागाने पाठ फिरवून बसलो होतो. धुळेवाले कप घेऊन नाचले, आमच्या मैदानावर, आमच्या बॅण्डच्या तालावर. आणि नाना रेषेवर थयथयाट करत होते, "काय झालं रे तुमले? पोटभर जेवून आले ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल निघालीच. वसंताच्या दारात मी उभा होतो. नानांनी दूध-ताकाचा प्रश्न टाकला. वसंताची आई फटकळ. ती म्हणाली, "दूधच पाजलं नाना, पण तुम्ही काल..." तेवढ्यात वसंताने तिला दंडाला धरून आत नेलं आणि बाहेर येऊन म्हणाला, "चुकलं नाना. आमचे पायच चालले नाहीत."

माझं डोकंच फिरलं. ज्यांनी बुडवलं तेच जाब विचारताहेत, आणि हा माफी मागतोय! नाना पुढच्या दाराकडे वळले, तसा मी सायकलचं हँडल धरलं.

"नाना, पुरे झालं. मॅचच्या दिवशी दुपारी भरीत कोण खाऊ घालतं? तुमच्या भरतानं घात केला! संध्याकाळी ठेवलं असतं तर काही बिघडलं असतं का?"

वसंता मला खुणा करत होता. करू दे! मला बोलायचंच होतं.

नानांनी घंटी उगाच एकदा वाजवली.

"संध्याकायी?" ते म्हणाले. "मांगच्या वर्सी संध्याकायीच ठेवलं होतं ना, म्यानेजर."

"मग?"

"मंग तुम्ही जिंकले."

मला आठवलं. गेल्या वर्षी फायनल जिंकली तशी रेल्वेच्या मोठ्या साहेबांनी टीमला मैदानावरूनच जीपमध्ये घातलं आणि क्लबात जेवायला नेलं. मीही होतो. मटण होतं, आइस्क्रीम होतं. तिकडे शेतात काही ठेवलंय, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

"बठ्ठं भाजून ठेवलं होतं," नाना म्हणाले. "बसलो वाट पाहात. एकट्यानं भरीत खाल्ल्या जात नही रे बावा. म्हनून यंदा दुपारीच घातलं. जिंका का हारा, जेवन तं होते."

माझा हात हँडलवरून निघाला. नाना सायकल हातात धरून चालतच गेले. पुढच्या दारापाशी थांबले नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही फायनल रिकाम्या पोटी खेळलो. लिंबूपाण्यावर. आणि तरी हरलो, त्याच टंगळमंगळ करणाऱ्या धुळेवाल्यांकडून! आता कुणाला दोष द्यायचा? मी लिंबांची पिशवी जमिनीवर आपटली. शेवटची शिट्टी झाली तेव्हा शिव्या देऊन देऊन नानांचा आवाज घोगरा झाला होता. रेषेवरून ते तरातरा निघाले, सायकलवर टांग टाकली आणि मागे वळून ओरडले, "चाला रे, केयीच्या खांबांनो! काड्या पेटवतो मी!"

मळलेल्या बुटांनिशी सगळी टीम त्यांच्यामागे शेताकडे गेली. मीही गेलो. हरल्याचा संताप पानावर बसल्यावरही चालूच होता. नाना वाढायला आले तेव्हा मी म्हटलं, "नाना, उद्या सोडू नका यांच्या आयांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी वसंताची आई उत्तर तयार ठेवून दारात उभी होती. ऊन अंगणात आलं, तरी नानांची सायकल काही आली नाही. ती शेतात झाडाला टेकलेली होती, आणि नाना घोगऱ्या आवाजात गुणगुणत रात्रीची पानं गोळा करत होते.