पैलवान, सांग त्याला

आमच्या शेजारचे नाना आपल्या मुलाशी कुत्र्यामार्फत बोलायचे. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. दिवाळीनंतर सुरू झालं आणि ऊन तापेपर्यंत चाललं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मेथी निवडत होते. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी आणि त्यांचं अंगण यांच्यामध्ये एक बुटकी भिंत आहे. तिकडचं बोलणं इकडे ऐकू येतं, आणि मी काही कानात बोळे घालून स्वयंपाक करत नाही. नाना अंगणात खुर्ची टाकून बसले होते. पायाशी त्यांचा कुत्रा, पैलवान. हातभर अंतरावर नळाखाली बूट धूत बसलेला संग्राम, त्यांचा एकुलता एक मुलगा.

"पैलवान," नाना म्हणाले, "सांग त्याला, टाकीत पाणी कमी हाय. नळ सोडून बसू नको म्हणावं."

संग्रामनं नळ बंद केला. "पैलवान," तोही कुत्र्याकडेच बघून म्हणाला, "सांग त्यांस्नी, धुऊन झालं."

पैलवानानं जांभई दिली आणि मान पंजावर टेकवली. निरोप पोचला.

मला वाटलं, बापलेक चेष्टा करताहेत. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या ताटावरून, मग पंख्याच्या रेग्युलेटरवरून, मग गाडीच्या पंक्चरवरून. शेवटी मी शोभावहिनींना, म्हणजे नानांच्या बायकोला, विचारलं. त्या म्हणाल्या, "बाई, आमच्यात भांडान झालंय फुटबॉलवरनं. आता तुमी जयसिंगपूरच्या, तुम्हास्नी काय सांगायचं."

त्यांचं खरं होतं. मी जयसिंगपूरची. आमच्याकडे संध्याकाळी लोक तंबाखूचे आणि भाजीचे भाव बोलत. लग्न होऊन कोल्हापुरात, त्यातही या पेठेत आले, तेव्हा कळलं की इथे माणसाला जात, गाव, पगार यांच्याआधी तालीम विचारतात. तालमीत कुस्ती खेळतात अशी माझी समजूत. इथल्या तालमीचा फुटबॉल संघ असतो, आणि त्या संघाची मॅच असली की पेठेतलं दूधसुद्धा वेळेवर येत नाही.

नाना एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक. उंच, हाडकुळे, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतल्या माणसाला वाटावं आपल्यालाच बोलावलं. तरुणपणी आपल्या तालमीकडून डावीकडचा बचाव सांभाळायचे. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "त्यात बोलायचं काय हाय?" हे म्हटलं की समजायचं, आता अर्धा तास गेला. पावसाचं विचारा, पेट्रोलचं विचारा, माझ्या स्कूटरच्या क्लचचं विचारा. "त्यात बोलायचं काय हाय, बाई?" आणि मग नाना बोलायचे.

पलीकडच्या पेठेच्या संघाची जर्सी पिवळी. म्हणून नानांच्या घरात पिवळं काही नव्हतं. वहिनींना माहेरून आलेली पिवळी साडी त्यांनी गारगोटीला राहणाऱ्या बहिणीला देऊन टाकायला लावली. आमरसाचा मोठा पेच होता, कारण आमरस त्यांना फार आवडायचा. मी वाटी नेऊन दिली की म्हणायचे, "खातोय, पर डोळं मिटून." आणि खरंच मिटायचे. असल्या माणसाच्या पोटी संग्राम जन्मला, आणि तो चांगला खेळायला लागला, हा त्या दोघांचाही दोष नव्हता.

झालं असं, की आपल्या तालमीनं संग्रामला दोन हंगाम नुसतं बाकावर बसवून ठेवलं. बापाच्याच जागेवर खेळणारा पोरगा, पण त्या जागी कुणा पदाधिकाऱ्याचा भाचा. संग्राम तोंड मिटून राहिला. दिवाळीनंतर नव्या हंगामाची नोंदणी सुरू झाली तेव्हा पलीकडच्या पेठेनं त्याला विचारलं आणि त्यानं सही केली. घरी येऊन ती पिवळी जर्सी त्यानं सरळ टेबलावर ठेवली. लपवली नाही, हे मला त्याचं आवडलं.

वहिनी सांगतात, नानांनी जर्सीकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं. वहिनींना वाटलं, आता अर्धा तास. पण नाना खाली वाकले, पैलवानाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पैलवान, सांग त्याला, ही आपल्या दोरीवर वाळत घालायची न्हाय." तो पहिला निरोप. तेव्हापासून ती जर्सी आमच्या गच्चीवर वाळायची.

हा पैलवान म्हणजे अगदी किरकोळ अंगाचा गावठी कुत्रा. संग्राम शाळेत असताना त्यानंच तालमीच्या मागून उचलून आणलेलं पिल्लू. बरगड्या मोजाव्यात असं. नाना तेव्हा म्हणाले होते, "अंगात काय न्हाय तर नाव तरी दणकट ठिवू." आता तो म्हातारा झाला होता. दिवसभर अंगणातल्या पोत्यावर पडून असायचा आणि दोन्ही बाजूंचे निरोप सारख्याच शांतपणे घ्यायचा.

मॅचच्या दिवशी नाना पेठेत थांबत नसत. मुलगा पिवळ्या जर्सीत आणि समोर आपला संघ, बसायचं कुठं? मैदानावर आपल्या पेठेच्या गॅलरीत बसलं तर आपलीच माणसं आपल्या पोराला शिव्या घालणार, त्या ऐकायच्या. आणि त्यांच्या गॅलरीत आपल्या पेठेतला माणूस पाय ठेवत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे संग्रामची मॅच असली, मग ती कुणाशीही असो, की नाना जोतिबाला जायचे. दुपारी टोपी घालून निघायचे आणि संध्याकाळी उन्हानं काळे पडून यायचे. वहिनी म्हणायच्या, "देव बी ह्यांस्नी बरूबर मॅचलाच बोलावतोय." एकदा मी विचारलं, "नाना, कपाळाला गुलाल नाही?" तर म्हणाले, "घामानं गेला." मी सोडून दिलं.

मार्च संपता संपता ऊन असं तापलं की अंगणातल्या फरशीवर पाय ठेववेना. एका सकाळी पैलवान उठेना. संग्राम सरावाला गेला होता. नाना भिंतीपलीकडून म्हणाले, "बाई, स्कूटर हाय का?" त्यांचा तो आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. मी स्कूटर काढली. मागे नाना, मांडीवर ओल्या टॉवेलात गुंडाळलेला पैलवान. रस्त्यात दोघा-तिघांनी "कुठं निघाला पैलवान?" म्हणून हाक मारली, पण नाना मला म्हणाले, "थांबू नका, बाई."

जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं. वय झालंय, ऊन सोसत नाही, सावलीत ठेवा, पोतं ओलं करत चला, असं सांगितलं. मग त्याच्या कानाजवळ त्यांनी दोनदा टाळी वाजवली. पैलवान ढिम्म.

"ह्याला ऐकू येत नाही," डॉक्टर म्हणाले. "बरेच महिने झाले असतील."

मी नानांकडे पाहिलं. मला खरंच काळजी वाटली, की आता यांचं काय होणार.

"ठाऊक हाय," नाना म्हणाले. "दिवाळीत फटाकड्या वाजताना झोपलेला हा. एरवी कॉटखाली घुसून थरथर कापायचा. तवाच वळखलं मी."

दिवाळीत, म्हणजे पहिल्या निरोपाच्याही आधी.

परत येताना मी स्कूटर हळू चालवली. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाले, "बाई, घरात सांगू नका. त्याला कळलं की ह्याला ऐकू येत न्हाय, तर मग त्यो निरोप कुणाकडनं देणार मला?" मी मान हलवली. आणि मी शाळेत पंचवीस वर्षं बोलण्याचाच पगार घेतलेली बाई आहे.

संध्याकाळी संग्राम जर्सी काढायला आमच्या गच्चीवर आला. मी पापड उचलत होते. त्यानं दोरीवरून जर्सी ओढली, घडी केली, परत उलगडली.

"काकू, डॉक्टर काय म्हणालं?"

"वय झालंय म्हणाले."

"कानाचं काय म्हणालं?"

मी पापडांकडे बघत राहिले.

"त्याला ऐकू येत न्हाय, काकू," तो हळूच म्हणाला. "मी लई शिट्ट्या मारून बघितल्यात. नानांस्नी तेवढं सांगू नका. त्यांस्नी वाटतंय त्यो ऐकतोय."

"अरे, मग सरळ बोल की त्यांच्याशी."

"मी बोललो, आनि त्यांनी उत्तरच दिलं न्हाय, तर?" त्यानं जर्सीची पुन्हा घडी घातली. "आता निदान पैलवानाला तरी काय काय सांगत्यात."

एकाच दिवसात बाप आणि मुलगा दोघांचं एकच गुपित माझ्या गळ्यात पडलं. राग आला मला. दोन धडधाकट पुरुष, एक बहिरा कुत्रा, आणि मध्ये मी पापड घेऊन उभी. त्या रात्री ह्यांनी आमटीत मीठ जास्त झाल्याचं सांगितलं, तर मी त्यांच्यावरच ओरडले.

पुढचे दिवस त्या घरात पैलवानाचं पोतं कधी कोरडं झालं नाही. दुपारी नाना पाणी शिंपडायचे, संध्याकाळी संग्राम. दोघांची वेळ एक आली की एक जण तांब्या ठेवून आत जायचा. निरोप मात्र वाढले. "पैलवान, सांग त्याला, टरबूज कापून ठिवलंय." "पैलवान, सांग त्यांस्नी, औषधाची बाटली संपत आलीया, येताना आनतो." कधी कधी तर निरोपात काहीच नसायचं. "पैलवान, सांग त्याला, आज वळीव येनार." आणि संग्राम आकाशाकडे बघून म्हणायचा, "सांग त्यांस्नी, मला बी तसंच वाटतंय."

जोतिबाची यात्रा होऊन गेली आणि एका दुपारी पैलवान गेला. झोपेतच. नानांच्या भावाचं शेत नदीच्या अंगाला आहे, तिथे बांधाजवळ खड्डा काढला. कुदळ एकच होती. नाना खणायचे, दमले की कुदळ जमिनीवर ठेवायचे, मग संग्राम ती उचलायचा. हातातून हातात दिली नाही. माती लोटून झाल्यावर दोघेही तिथेच उभे राहिले. तोंड उघडायचं तर कुणाकडे बघून, हे दोघांनाही कळत नव्हतं.

घरी आल्यावर रात्रीच्या जेवणाला नाना वहिनींना म्हणाले, "सांग त्याला, भात घे म्हणावं."

वहिनींनी पळी भांड्यात आपटली. "मी कुत्रं न्हाय," त्या म्हणाल्या. "तुमचं तुमी बोला."

त्यानंतर त्या घरातून आवाजच येईना. मला त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की स्वयंपाक करताना हात थांबायचा. नाना, ज्यांचा एका "त्यात बोलायचं काय हाय"वर अर्धा तास जायचा, ते खुर्चीत बसून समोरच्या रिकाम्या पोत्याकडे बघायचे. ते पोतं उचलायला कुणी तयार नव्हतं. संग्राम बूट हातात घेऊन आवाज न करता बाहेर पडायचा. मॅच जवळ आली होती, आपल्याच तालमीशी, पण पेठेत कुणी नानांना त्याबद्दल छेडलं नाही. माणूस असा गप्प झाला की लोकांनाही भीती वाटते. मला वाटायला लागलं, हे आता असंच राहणार. पोरगा एक दिवस नोकरीसाठी पुण्याला जाईल आणि हे दोघे शेवटपर्यंत एकमेकांशी बोलणार नाहीत.

मॅचच्या आदल्या संध्याकाळी वळीव झाला. वारा, धूळ, कुणाच्या तरी छपराचा पत्रा, आणि मग टपोरे थेंब. अर्ध्या तासात सगळं निवळलं, लाइट गेली. मी खिडकी उघडली. अंगणातून ओल्या मातीचा वास येत होता. नाना खुर्चीत होते. संग्राम पायरीवर बसून बुटांच्या नाड्या ओवत होता.

"डावं पाऊल आत घेतोस तू," नाना म्हणाले.

मला वाटलं, स्वतःशीच बोलताहेत. संग्रामलाही तसंच वाटलं असावं. त्याचा हात थांबला.

"समोरचा अंगावर आला की. सगळा भार आतल्या घोट्यावर येतोय. एक दिवस मोडून घेशील."

छपरावरून पाणी ठिबकत होतं. मग संग्रामनं विचारलं, "तुम्ही कवा बघितलं?"

"सगळ्या मॅची बघितल्या."

"तुम्ही जोतिबाला जातासा की."

"जोतिबाला कुठलं. त्यांच्या गॅलरीत बसतोय. वरच्या पायरीला, कडंला. तितं आपल्या पेठंतलं कोण बघाय येतंय?"

मी भिंतीच्या अलीकडे उभी होते आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. सगळा हंगाम हा माणूस पिवळ्या लोकांत एकटा बसला होता, टोपी डोळ्यांवर ओढून, आणि पोरानं चेंडू अडवला की शेजारची माणसं ओरडत असताना गप्प.

"मग सांगायचं की, नाना." संग्रामनं बूट खाली ठेवला. "एवढं दिस. एकदा तरी सांगायचं की."

"सांगनार कुणाकडनं?" नाना म्हणाले. "त्याला तर ऐकूच येत न्हवतं."

"मला बी ठाऊक व्हतं," संग्राम म्हणाला.

नाना त्याच्याकडे बघत राहिले. दिवाळीनंतर पहिल्यांदाच ते सरळ त्याच्याकडे बघत होते. मग ते खुर्चीतून उठले, गुडघ्यावर हात टेकत पायरीवर त्याच्या शेजारी बसले.

"दाव बघू त्यो घोटा," ते म्हणाले.